जुन्या एस्टीमची ड्रॅग गाडी : इंजिनाला हात सर्वांत शेवटी

मारुती १००० च्या सांगाड्यावर १९९४ साली आलेली आणि २००७ पर्यंत बनत राहिलेली एस्टीम आज बहुधा सोसायटीच्या कुंपणाला टेकून, कव्हराखाली उभी दिसते. तिची पंधरा वर्षांची नोंदणी केव्हाच संपलेली असते. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले, त्यात विमा आणि किरकोळ दुरुस्ती धरली की मालकाला ती भंगारवाल्याला देणेच परवडते. चारशे मीटरच्या सरळ शर्यतीसाठी, म्हणजे ड्रॅगसाठी, गाडी बांधू पाहणाऱ्याला मात्र याहून चांगला कच्चा माल मिळणे अवघड आहे. नंतरच्या एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) मॉडेलचे वजन साधारण ८७५ किलो, इंजिन १२९८ सीसीचे, सोळा व्हॉल्व्हचे, ८५ अश्वशक्तीचे. सुटे भाग कुर्ल्यापासून पुण्याच्या जुन्या बाजारापर्यंत अजून मिळतात आणि तिला आतून-बाहेरून ओळखणारे मिस्त्री अजून काम करत आहेत.

हा लेख अशी गाडी रस्त्यावरून कायमची उतरवून केवळ ड्रॅगसाठी बांधण्याच्या कामाचा आहे. क्रम मी मुद्दाम उलटा वाटेल असा लावला आहे. बहुतेक मंडळी कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि सायलेन्सरपासून सुरुवात करतात; आम्हीही पहिल्या गाडीला तेच केले आणि हेड पोर्ट करून, म्हणजे त्यातील हवेच्या वाटा घासून मोकळ्या करून, आणल्यानंतर गाडी आधीपेक्षा हळू धावली, कारण वाढलेली ताकद पुढच्या टायरांचा धूर करण्यात जात होती. आधी सुरक्षितता, मग वजन, मग पकड, आणि उरलेल्या पैशांत इंजिन, हा क्रम त्या फजितीतून आलेला आहे.

कागदपत्रे आणि नियम

सर्वप्रथम ज्या स्पर्धेत उतरायचे तिची नियमपुस्तिका मिळवावी. भारतातील मोटारक्रीडेचे नियमन एफएमएससीआय ही संघटना करते, आणि तिच्या मान्यतेच्या स्पर्धेत उतरायचे तर चालकाकडे तिचा परवाना असावा लागतो. वर्ग बहुतेक वेळा इंजिनाच्या सीसीवरून आणि केलेल्या बदलांच्या मर्यादेवरून ठरतात. त्यामुळे १२९८ सीसी ठेवायचे की मोठे इंजिन बसवायचे, काचा बदलता येतात की नाही, स्लिक (बिननक्षीचे) टायर चालतात की नाही, हे पहिला बोल्ट सोडण्याआधी कळले पाहिजे. नंतर कळले तर कापलेला पत्रा परत जोडता येत नाही.

दुसरी बाब आरटीओची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी असलेल्या गाडीत उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाला सोडून फेरफार करता येत नाहीत. म्हणून कर्जाचा बोजा उतरलेला आहे, चलन थकलेले नाही आणि चेसिस नंबर आरसी बुकाशी जुळतो, एवढे पाहून गाडी घ्यावी आणि रीतसर अर्ज करून नोंदणी रद्द करून घ्यावी. त्यानंतर ही गाडी रस्त्यावर स्वतःच्या चाकांवर चालवायची नाही. गॅरेजपासून धावपट्टीपर्यंत ती ट्रेलरवरून किंवा टेम्पोतूनच जाईल. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावल्यास कलम १८९ खाली पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण दंडाचा मुद्दा बाजूला ठेवला, तरी समोरून सायकलवाला येऊ शकतो अशा ठिकाणी या गाडीला काही काम नाही.

गाडी निवडताना

इंजिन थकलेले असले तरी चालेल, पत्रा कुजलेला चालणार नाही. गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा नळ्यांचा पिंजरा ज्या पत्र्याला वेल्ड होणार तोच भुसभुशीत असेल तर पुढचे सगळे व्यर्थ आहे. खिशात छोटे लोहचुंबक आणि हातात जुना स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जावे. बॉनेट उघडून दोन्ही बाजूंचे शॉकअपचे वरचे घुमट पाहावेत, डिकीतील गालिचा उचलून मागचे घुमट पाहावेत, दारांखालच्या कडा आणि चालकाच्या पायाखालचा पत्रा पाहावा. जिथे चुंबक चिकटत नाही तिथे रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली असते. कोकणातील किंवा मुंबईत समुद्राजवळ उभी राहिलेली गाडी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. नाशिक, सोलापूर, औरंगाबादकडच्या कोरड्या हवेतील गाडीला दोन पैसे जास्त द्यावेत.

इंजिनाची पारख कॉम्प्रेशन गेजने करावी. इंजिन गरम करून चारही प्लग काढावेत, इग्निशन आणि इंधनाचा पुरवठा तोडावा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारावा आणि चारही सिलिंडरचे आकडे लिहून ठेवावेत. आकड्यांमध्ये दहा टक्क्यांपेक्षा अधिक तफावत आली, तर कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर रिंगा गेल्या, न वाढला तर दोष व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा. विकणाऱ्याशी भाव करताना या कागदाचा फार उपयोग होतो.

वजनकाट्यावर

गाडी घरी आली की प्रथम जवळच्या वजनकाट्यावर न्यावी. पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाके काट्यावर, मग फक्त मागची, अशी तीन वजने घ्यावीत. उसाच्या ट्रॉल्या मोजणारा काटा पाच-दहा किलोंच्या टप्प्यानेच आकडा दाखवतो, तरी सुरुवातीला तेवढे पुरते. पुढे जो भाग निघेल तो ताणकाट्यावर टांगून त्याचे वजन वहीत लिहीत जावे. ही वही हा या सबंध कामातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी सुटा भाग आहे.

वजनाला एवढे महत्त्व का, ते एका जुन्या अनुभवसिद्ध सूत्रावरून दिसते. चालकासह गाडीचे किलोंतील वजन भागिले इंजिनाची अश्वशक्ती, या भागाकाराचे घनमूळ काढून त्याला ७.५८ ने गुणले की पाव मैलाची, म्हणजे ४०२ मीटरची, आदर्श वेळ सेकंदांत मिळते. ८७५ किलोंची एस्टीम आणि ७५ किलोंचा चालक मिळून ९५० किलो आणि ८५ अश्वशक्ती धरली तर उत्तर १६.९५ सेकंद येते. इंजिनाला हात न लावता हेच वजन ८४० वर आणले तर वेळ १६.२७ होते. मूळ वजनाच्या गाडीत ही वेळ मिळवायला ९६ अश्वशक्ती लागली असती. सूत्र पूर्ण पकड आणि निर्दोष गिअरबदल गृहीत धरते, त्यामुळे आपल्याकडील धुळकट पट्टीवर प्रत्यक्ष वेळ यापेक्षा जास्तच लागेल. पण दोन पर्यायांची तुलना करायला ते विश्वासू आहे.

काढायचे काय, तर मागची सीट, पुढच्या दोन्ही सीटा, गालिचे, टपाचे अस्तर, दारांचे पॅड आणि काचांची यंत्रणा, स्पेअर चाक आणि जॅक, म्युझिक सिस्टिम, एसीचा कॉम्प्रेसर, कंडेन्सर आणि कूलिंग कॉइल. एसीचा गॅस हवेत न सोडता एसीवाल्याकडून यंत्राने काढून घ्यावा. तळाच्या पत्र्यावर आवाज दाबण्यासाठी डांबरासारखे थर चिकटवलेले असतात. त्यावर कोरडा बर्फ दहा मिनिटे पसरून ठेवला की ते ठिसूळ होतात आणि लाकडी हातोडीच्या ठोक्याने पापडासारखे फुटून निघतात; हातमोजे घालावेत आणि गाडीची दारे उघडी ठेवावीत, कारण त्या बर्फाची वाफ म्हणजे कार्बन डायऑक्साइड असते आणि बंद जागेत ती गुदमरवते. ब्लो-लॅम्पने डांबर वितळवण्याचा उद्योग करू नये.

बाजूच्या आणि मागच्या काचांच्या जागी नियमात बसत असेल तर पॉलिकार्बोनेट बसवावे. ॲक्रिलिक दिसायला तसेच असते, पण फुटल्यावर त्याचे धारदार तुकडे होतात, म्हणून दुकानदाराच्या शब्दावर न जाता एक तुकडा पकडीत धरून वाकवून पाहावा. पॉलिकार्बोनेट वाकते, ॲक्रिलिक तडकते. समोरची लॅमिनेटेड काच आणि तिचे वायपर जागेवर राहू द्यावेत. दारांच्या आतील मजबुतीच्या पट्ट्या, बंपरच्या मागची तुळई आणि पुढच्या आसनामागील आडवा पत्रा यांना मात्र ग्राइंडर लावू नये. दोन किलो वाचवण्यासाठी सांगाडा पोकळ करणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या गाडीची दारे दोन-चार स्टार्टनंतर नीट लागेनाशी होतात.

पिंजरा, आसन, पट्टे

इथे वाचलेल्या वजनातील ३५-४० किलो परत घालायचे आहेत, आणि वरच्या ८४० च्या हिशेबात ते धरलेले आहेत. अमेरिकेतील एनएचआरए या १९५१ साली स्थापन झालेल्या ड्रॅग संघटनेच्या नियमांत बंद टपाच्या गाडीला पाव मैलात ११.४९ सेकंद किंवा कमी वेळ लागत असेल तर रोलबार (चालकामागची नळीची कमान) सक्तीचा होतो आणि ९.९९ पासून पूर्ण पिंजरा. आपली गाडी या आकड्यांच्या जवळपासही जाणार नाही, मग पिंजरा कशाला, असा प्रश्न विचारला जातो. उत्तर असे, की तेथील पट्टीला दोन्ही बाजूंनी सलग भिंत असते आणि पृष्ठभाग चिकट द्रव्याने तयार केलेला असतो. आपल्याकडे शर्यती बहुधा धावपट्ट्यांवर होतात, तिथे बाजूला मातीचा काठ असतो, आणि १४० च्या वेगात मातीत गेलेले चाक गाडी उलटवू शकते.

जागतिक संघटना एफआयएच्या नियमाप्रमाणे मुख्य कमान ४५ मिलिमीटर व्यासाच्या आणि २.५ मिलिमीटर जाडीच्या, किंवा ५० व्यासाच्या आणि २ जाडीच्या, कोल्ड ड्रॉन सीमलेस पोलादी नळीची असावी लागते. बाजारात सीडीएस ट्यूब म्हणून ती मिळते. शिवण असलेली ईआरडब्ल्यू नळी तिच्या निम्म्या किमतीत मिळते आणि रंग दिल्यावर कोणाला ओळखू येत नाही. म्हणूनच नळी स्वतः जाऊन घ्यावी, आतून बोट फिरवून शिवण नसल्याची खात्री करावी आणि कारखान्याचे टेस्ट सर्टिफिकेट मागावे. कमानीचे पाय थेट तळाच्या पातळ पत्र्याला वेल्ड करू नयेत. प्रत्येक पायाखाली किमान ३ मिलिमीटर जाडीची आणि १२० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची पट्टी हवी, नाहीतर उलटताना नळी पत्र्यातून सुईसारखी आरपार जाते. नळी वाकवताना वाळू भरून तापवण्याची, लोखंडी फाटके बनवणाऱ्यांची पद्धत चालत नाही. त्यासाठी मँड्रेल बेंडर (नळीला आतून आधार देत वाकवणारे यंत्र) असलेले वर्कशॉप गाठावे, आणि वेल्डिंग टिग किंवा सीओटूचे करून घ्यावे. त्याआधी बॅटरी काढावी, ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक) सोडून घरी न्यावा, आणि पेट्रोलची टाकी केवळ रिकामी न करता गाडीपासून दूर नेऊन ठेवावी. पेट्रोल संपलेल्या टाकीतील वाफ भरलेल्या टाकीपेक्षा अधिक घातक असते.

आसन फायबरच्या कवचाचे, मागे न झुकणारे घ्यावे आणि ते मूळ सरकत्या रुळांवर न बसवता सांगाड्याशी बांधलेल्या आधारावर घट्ट बसवावे. पट्टे पाच किंवा सहा टोकांचे असावेत. खांद्यावरचे पट्टे आसनातून मागे जाताना फार खाली उतरू नयेत. आडव्या रेषेशी ४५ अंशांपेक्षा जास्त उतार असेल तर धडकेत ते पाठीचा कणा खाली दाबतात. कमरेचा पट्टा पोटावरून न जाता ओटीच्या हाडावरून गेला पाहिजे. हेल्मेट मोटारींसाठीच्या स्नेल एसए मानकाचे घ्यावे, कारण मोटारसायकलच्या हेल्मेटच्या चाचणीत आगीचा विचार नसतो. हेल्मेट घालून आसनात बसावे आणि मित्राला डोके चारही दिशांना हलवायला सांगावे. जिथे जिथे ते नळीला लागेल तिथे तिथे पॅडिंग लावावे. दोन किलोंचे अग्निशामक नळकांडे धातूच्या पट्ट्याने, बसल्या जागी हाताला येईल असे बांधावे. बाहेरून आणि आतून दोन्हीकडून बंद करता येणारा मुख्य विद्युत स्विच लावावा, आणि चालू इंजिन त्याने खरोखर बंद पडते का, ते करून पाहावे. ऑल्टरनेटरची जोडणी चुकली असेल तर बॅटरी तुटूनही इंजिन चालूच राहते.

पुढच्या चाकांची गोष्ट

ड्रॅग गाडी बांधण्याविषयी जे साहित्य सहज मिळते ते बहुतेक अमेरिकन आणि मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांचे असते. त्यातील सल्ला एस्टीमला जसाच्या तसा लावला तर गाडी बिघडते. बॅटरी डिकीत न्या, मागची बाजू मऊ ठेवा, नाक उचलू द्या, हे सगळे आपल्याला उलटे करायचे आहे.

कारण साध्या गणिताचे आहे. गाडी पुढे झेपावते तेव्हा वजन मागे सरकते. ८४० किलोंची गाडी, २.३६५ मीटर व्हीलबेस, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर आणि प्रवेग गुरुत्वाच्या चार दशांश इतका धरला, तर पुढच्या चाकांवरून सुमारे ७१ किलो भार मागे जातो. उभ्या गाडीत पुढे ५०४ किलो असतील तर झेपावताना ४३३ उरतात, आणि टायरची पकड या ४३३ वरच अवलंबून असते. म्हणून वजन काढायचे ते आधी मागून. बॅटरी पुढेच राहू द्यावी. मागच्या स्प्रिंगा कडक बसवाव्यात म्हणजे गाडी मागे बसणार नाही, आणि मागची उंची पुढच्यापेक्षा किंचित जास्त ठेवावी. पुढचे शॉकअप असे असावेत की नाक हळू उठेल. पुढचा भाग मात्र कापलेल्या स्प्रिंगांनी जमिनीला टेकवू नये. ॲक्सल तिरके झाले की सीव्ही जॉइंटवर (ॲक्सलच्या टोकांच्या वळत्या सांध्यांवर) ताण येतो आणि नेमके जोर लागतानाच ते तुटतात. गाडी चाकांवर उभी असताना दोन्ही ॲक्सल जवळजवळ आडवे दिसले पाहिजेत.

इंजिनाची फाउंडेशन रबरे बहुधा विटलेली असतात. ती बदलून कडक पॉलियुरेथेनची घालावीत, नाहीतर क्लच सोडताच इंजिन मागे कलते, चाके उड्या मारू लागतात आणि त्या धक्क्यांत गिअरबॉक्सचे दात जातात. दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या डिफरन्शियलमधील गिअर वेल्ड करून दोन्ही चाके एकत्र फिरवण्याचा स्वस्त उपाय गॅरेजांत हमखास सुचवला जातो. मागच्या चाकांच्या गाडीत त्याला थोडा अर्थ आहे. पुढच्या चाकांच्या गाडीत एका चाकाखाली धूळ आली की स्टिअरिंग हातातून हिसकले जाते. पैसे असतील तर लिमिटेड स्लिप (वेगातील फरक मर्यादेत ठेवणारे) डिफरन्शियल बसवावे, नसतील तर मूळचे राहू द्यावे.

टायर नियमात बसतील तितके मऊ रबराचे घ्यावेत. १७५/७० आर १३ या मूळ टायरचा व्यास ५७५ मिलिमीटर आहे, १८५/६० आर १३ चा ५५२. म्हणजे केवळ टायर बदलून सगळे गिअर चार टक्क्यांनी जोरकस होतात आणि रुंदीही वाढते. पुढची हवा साध्या रेडियलमध्ये २२ पीएसआयपासून सुरू करून एकेक पीएसआयने कमी-जास्त करीत वेळ पाहावी, मागची ४० च्या आसपास ठेवावी म्हणजे चाके हलकी फिरतात. मागचे टायर अरुंद चालतील, पण मागचे ब्रेक काढायचे नाहीत आणि हँडब्रेकही नाही. त्याचे कारण पुढे येते.

गिअरचे गणित करण्यासाठी आपल्या गिअरबॉक्सचे खरे गुणोत्तर माहीत हवे, आणि जुन्या गाडीत कोणी कोणता गिअरबॉक्स घातलेला असेल ते सांगता येत नाही. सगळे प्लग काढावेत, एकच पुढचे चाक जॅकवर उचलून गाडी घोडीवर ठेवावी, चौथा गिअर टाकावा आणि क्रँक पुलीवर खडूने खूण करावी. उचललेले चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवले की डिफरन्शियलचा एक फेरा होतो. तेवढ्यात पुली जितके फेरे घेते ते त्या गिअरचे एकूण गुणोत्तर. गाडी अंतिम रेषा १४५ किलोमीटर वेगाने ओलांडणार असेल, तर ५५२ व्यासाचे चाक मिनिटाला सुमारे १,३९४ फेरे घेते, आणि त्या क्षणी इंजिन ६,५०० वर असावे असे वाटत असेल तर एकूण गुणोत्तर ४.६६ च्या आसपास हवे. आपला गिअर यापेक्षा फार लांब, म्हणजे लहान गुणोत्तराचा, असेल तर शेवटचे शंभर मीटर इंजिन दमलेले जाते, फार आखूड असेल तर रेषेच्या थोडे आधी आणखी एक गिअर बदलावा लागतो आणि त्यात दोन-तीन दशांश सेकंद जातात.

क्लच-प्लेट आणि प्रेशर-प्लेट नवीनच घालावी. मूळ ताकदीच्या आसपास असताना सिरॅमिक बटणांची प्लेट नको. ती एकदम पकडते आणि टायर फिरतात. फ्लायव्हील लेथवर उतरवून हलके करण्याचा मोहही टाळावा. ओतीव लोखंड कुठे पातळ झाले ते डोळ्यांना दिसत नाही, आणि सात हजार फेऱ्यांवर ते फुटले तर तुकडे चालकाच्या पायांकडे येतात.

आता इंजिन

पहिले काम ताकदीचे नाही, देखभालीचे आहे. टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, रेडिएटरचे पाइप, ऑइल सील, प्लग आणि वायरी बदलाव्यात. इंधनाचे रबरी पाइप तर टाकीपासून इंजेक्टरपर्यंत सगळे बदलावेत, कारण आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि वीस वर्षांपूर्वीचे रबर त्यात फुगते, मऊ होते, आणि गरम एक्झॉस्टवर थेंब पडायला लागतात. दुकानात पाइप मागताना इथेनॉलला चालणारा, उच्च दाबाचा, असे स्पष्ट सांगावे.

ताकद वाढवण्याचा पहिला टप्पा म्हणजे मोकळा एक्झॉस्ट, बाहेरची थंड हवा घेणारा एअर इनटेक आणि व्हॉल्व्ह नीट ग्राइंड केलेले हेड. दुसरा टप्पा वेगळे कॅमशाफ्ट, थोडे वाढवलेले कॉम्प्रेशन आणि हवे तसे बदलता येणारा स्वतंत्र ईसीयू. दुसरा टप्पा अर्धवट करू नये. कॅम बदलून मूळ ईसीयू ठेवला तर इंधनाचे मोजमाप चुकते. ट्यूनिंग करताना एक्झॉस्टमध्ये वाइडबँड (ऑक्सिजन मोजणारा) सेन्सर लावावा आणि हवा-इंधनाचे प्रमाण १४.७ वगैरे आकड्यांत न पाहता लॅम्डाच्या (प्रत्यक्ष प्रमाण भागिले त्या इंधनाचे आदर्श प्रमाण) आकड्यात पाहावे, कारण ते जुने आकडे निव्वळ पेट्रोलचे आहेत आणि इथेनॉल मिसळल्यावर बदलतात. पूर्ण ॲक्सिलरेटरवर लॅम्डा ०.८६ ते ०.८८ असेल तर टर्बो नसलेल्या इंजिनाला ते सुरक्षित आणि पुरेसे ताकदीचे असते. ११० अश्वशक्ती मिळाली तर वरच्या सूत्राने ८४० किलोंना १४.९३ सेकंद येतात.

जुन्या बलेनोचे १६०० सीसीचे इंजिन बसवण्याचा पर्याय बराच लोकप्रिय आहे. ते एस्टीमच्याच घराण्यातील आहे. एस्टीमचा पिस्टन ७४ मिलिमीटरचा आणि स्ट्रोक ७५.५, बलेनोचा ७५ आणि ९०. म्हणजे वाढ जवळजवळ सगळी स्ट्रोकमध्ये आहे. त्यामुळे खालच्या फेऱ्यांत जोर चांगला मिळतो, पण ब्लॉक उंच असल्याने बॉनेटखाली जागा मोजून घ्यावी लागते आणि वर्गही बदलतो. मूळ अवस्थेत ते ९४ अश्वशक्तीचे. माझे मत विचाराल तर पहिल्या वर्षी १२९८ सीसीच ठेवावे आणि टर्बोचा विचार तर मुळीच करू नये; १५० अश्वशक्तीला कागदावर १३.४६ सेकंद येतात हे खरे, पण ती ताकद या टायरांतून जमिनीवर उतरवणे हा वेगळाच धडा आहे.

एक गोष्ट उंचीची. ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ ही स्पर्धा झालेली आहे, आणि ती जागा घाटमाथ्यावर आहे. टर्बो नसलेले इंजिन दर शंभर मीटर उंचीला साधारण एक टक्का ताकद गमावते. मुंबईत काढलेले आकडे तिथे येणार नाहीत. ट्यूनिंग बिघडले असे समजून रात्रभर लॅपटॉप घेऊन बसू नये.

पट्टीवर

ट्रेलरवरून उतरवल्यावर प्रथम सर्व चाकांचे नट टॉर्क रेंचने पाहावेत, ऑइल आणि ब्रेक ऑइल पाहावे, आणि पहिली धाव निम्म्या ॲक्सिलरेटरने, केवळ ब्रेक तपासण्यासाठी काढावी. पिंजरा बसवल्यानंतरचे वजन पुन्हा काट्यावर घेतलेले असावे.

टायर तापवण्यासाठी पुढची चाके जागेवर फिरवावी लागतात आणि तेव्हा गाडी धरून ठेवणारा एकमेव ब्रेक म्हणजे हँडब्रेक. म्हणून तो ठेवायला सांगितला. नक्षी असलेले टायर रेषेआधी टायर भिजवायला केलेल्या पाण्याच्या खड्ड्यातून नेऊ नयेत, वळसा घालून न्यावेत. त्यांच्या खाचांत पाणी राहते आणि ते नेमके सुरुवातीच्या रेषेवर गळते.

रेषेवरची दिव्यांची मांडणी, जिला ख्रिसमस ट्री म्हणतात, १९६३ पासून चालत आली आहे. पुढचे चाक पहिला प्रकाशकिरण तोडते तेव्हा वरचा दिवा लागतो, थोडे पुढे गेल्यावर दुसरा. तिथेच थांबावे. हिरवा दिवा लागल्यापासून गाडी हलेपर्यंतचा वेळ ही चालकाची प्रतिक्रिया, आणि चाक किरणातून बाहेर पडल्यापासून रेषा ओलांडेपर्यंतचा वेळ हा गाडीचा. हे दोन आकडे धावेनंतर मिळणाऱ्या चिठ्ठीवर वेगवेगळे येतात. दिव्याला उशिरा निघालात म्हणून गाडीची वेळ बिघडत नाही, शर्यत मात्र हरता.

निघताना इंजिन ३,५०० ते ४,००० फेऱ्यांवर धरून क्लच एकदम न सोडता अर्धा सेकंद घासत सोडावा. टायर किंचित किंचाळत असतील तर ठीक, आवाज चढत गेला तर पाय थोडा मागे घ्यावा. प्रत्येक धावेनंतर चिठ्ठीवरचा पहिल्या साठ फुटांचा, म्हणजे १८.३ मीटरचा, आकडा आधी पाहावा. तिथे वाचलेला एक दशांश सेकंद शेवटी दीड ते दोन दशांश होऊन मिळतो. एका धावेत एकच बदल करावा, मग तो टायरमधील एक पीएसआय असो किंवा निघतानाचे दोनशे फेरे, आणि तो वहीत त्या वेळेसमोर लिहावा. दोन धावांमध्ये बॉनेट उघडे ठेवून इंजिन निवू द्यावे. सलग तीन धावांत साठ फुटांचा आकडा अर्ध्या दशांशाच्या आत येऊ लागला, की मगच कॅमशाफ्टच्या दुकानात चौकशीला जावे.